उठायचा निरोप

झाड जिवंत आहे की मेलंय हे बघायची विजयमालाची पद्धत अगदी साधी होती. नख. फांदीची साल नखानं जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर झाड, तपकिरी दिसलं तर सरपण. बोरमाळात तिच्या नखावर लोकांचा भारी विश्वास. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं केलेली बाई. पण पोरांच्या आया तिला आधी पोराचं सांगायच्या आणि मग वाळत चाललेल्या लिंबोणीचं. बऱ्याचदा उलटंही.

तिची एकुलती लेक केतकी जूनमध्ये पुण्याहून आली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं हातभर रोप तिनं ओट्यावर ठेवलं, तेव्हा विजयमालाचं बोट आपोआप पुढं गेलं.

“नख लावू नकोस हं, आई! जिवंत आहे ते.”

“ते मी ठरवीन. कशाचं आहे?”

“सफरचंदाचं.”

विजयमाला हसली. सांगोल्याच्या या माळावर उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. इथं डाळिंब येतं, बोर येतं आणि नवरे शहरातून परत येतात. सफरचंद येत नाही. पण ती हसली खरी आणि मग उगाच पदरानं ओटा पुसत राहिली.

अंगणवाडीच्या बायकांची एकदा हिमाचलला सहल गेली होती. तिथं एका बागवानानं तिला स्वतःच्या हातानं सफरचंद तोडू दिलं. तिनं ते झाडाखाली उभ्या उभ्याच खाल्लं आणि बिया रुमालात बांधून आणल्या. परसात दोन झाडं झाली. सहा वर्षं नुसती पानं, मग एका उन्हाळ्यात दोन्ही वाळली. आई रोज सकाळी त्या दोन वांझ झाडांशी बोलते हे बघतच केतकी मोठी झाली, आणि त्यांच्यापायीच ती वनस्पतिशास्त्राकडं गेली असं तिचे वडील शिवदास म्हणायचे. शिवदास ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवायचे आणि जपून बोलायचे, त्यामुळं ते म्हणाले ते खरंच असणार.

“त्या झाडांचा दोष नव्हता,” केतकी म्हणाली. “सफरचंदाच्या फांदीवरचा डोळा, तो मिटलेला कोंब, थंडी मोजतो. थंडी सुरू झाली की झोपतो आणि झोपेत तास मोजत बसतो. हजारभर तास भरले की उठतो, मगच फुलतो. आपल्याकडं तास भरतच नाहीत. धड झोप नाही, धड जाग नाही.”

“तुझ्या बाबांसारखं. टीव्हीसमोर.”

“हे कलम आहे. वरचं सफरचंद साधंच आहे. खालचा खुंट मात्र आम्ही तयार केलाय. हिवाळा आला असं तो खुंटच वरच्या झाडाला कळवतो. एक बारीकसा रेणू बनवतो आणि जोडातून वर पाठवतो. तो झोपायचा निरोप. दीड महिन्यानं दुसरा रेणू, उठायचा. बाहेर थंडी असो की नसो.”

“म्हणजे झाडाला खोटं सांगतो.”

“खोटं नाही गं… बरं, खोटं.”

रोप अजून विक्रीला आलेलं नव्हतं. प्रयोगातली जादा रोपं जाळायची असा प्रयोगशाळेचा नियम होता. केतकीनं त्यातलं एक वाचवलं होतं. आईसाठी. तिनं दोनच गोष्टी बजावल्या: कुणाला सांगायचं नाही, आणि पाणी रोज द्यायचं, एकदाही तोडायचं नाही.

“का?”

“ते नाही सांगता येत. कागदावर सही केलीय मी.”

कारण न देता सांगितलेली गोष्ट विजयमालानं जन्मात ऐकली नव्हती. हे केतकीला तरी माहीत असायला हवं होतं.

*

पहिल्या हिवाळ्यात झाड झोपलं, उठलं आणि चार फुलं देऊन मोकळं झालं. एकाचंही फळ झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात ते पुरुषभर वाढलं, बुडातून फुटवे काढत सुटलं, हिरवंगार झालं. विजयमालानं कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहिलं आणि निदान केलं: पाण्यावर माजलंय.

डाळिंबाच्या गावात माजलेल्या झाडाला एकच औषध, ताण. दिवाळी झाली की बागेचं पाणी तोडायचं. चाळीस दिवस थेंब नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग स्मशानासारखी दिसते. मग छाटणी करायची आणि पाणी सोडायचं. पंधरा दिवसांत अंगभर लालभडक कळी. भिंतीपलीकडं तिचा दीर सुदाम चार एकर डाळिंब बघायचा. तो म्हणायचा, “वैनी, झाडाला मरणाची भीती दाखवली की ते लेकराबाळांचा विचार करतं.”

त्या दिवाळीनंतर सुदामनं बागेचं पाणी तोडलं, त्याच दिवशी विजयमालानंही सफरचंदाची नळी काढून ठेवली. चाळीस दिवसांनी उरलेली पानं हातानं ओरबाडली, पाणी दिलं, आणि जानेवारीत एका सकाळी दार उघडलं तर परसात झाड नव्हतंच. नुसती फुलं होती. पांढरी, कडेला गुलाबी, आणि त्यांत घुमणाऱ्या मधमाश्या.

“आगं आक्का!” तिची जाऊ अलका भिंतीवरून ओरडली. “हे काय काश्मीर मांडलंस?”

गाव लोटलं. सरपंच मंगलताईंनी मुलाखत दिल्यासारखा फोटो काढून घेतला. पोस्टातल्या निकमबाईंनी एक पाकळी पासबुकात ठेवली. कुणाला सांगू नकोस ही अट आता कुठं पाळणार? झाडच सांगत होतं. विजयमाला म्हणायची, “हिमाचलच्या बिया होत्या. उशिरा शहाण्या झाल्या.” आणि केतकीला फोटो पाठवायचा राहून जायचा.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं त्या वर्षी झाडाखालीच केलं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर चहाची गाळणी वाण म्हणून द्यायची; यंदा तिच्याकडं त्याहून भारी काही होतं. पावसाळ्यात तिनं बुडाच्या फुटव्यांना मातीची भर लावली होती. त्यांना मुळ्या फुटल्या होत्या. तिनं ते सोडवून पिशव्यांत लावले. अकरा निघाले. अकरा बायकांच्या पदरात अकरा रोपं. पहिलं अर्थातच जावेला.

“आणि ऐका गं,” तिळगूळ देता देता ती म्हणाली, “लाड करू नका. दोन वर्षं वाढू द्या आणि मग ताण द्या.”

“ते काय सांगायला लागतंय व्हय आमाला?” अलका म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

*

सगळ्यात आधी कढीपत्ता गेला.

गेला म्हणजे काय, पानं टाकली आणि तसाच उभा राहिला. मग शेवगा. मग संडासामागचा पेरू, ज्यानं वीस वर्षांत कधी सुट्टी घेतली नव्हती. विजयमालानं नख लावलं. हिरवं. तिन्ही झाडं हिरवी. पाणी दिलं, शेण दिलं, कढीपत्त्याला ताक पाजलं. काही नाही. झाडं मेली नव्हती आणि फुटतही नव्हती. दारात पाहुणा उभा असावा, आतही येऊ नये आणि जाऊही नये, तशी उभी होती.

फेब्रुवारीत सुदामच्या बागेत बोंब झाली. बाकी बाग कळीनं लाल झाली होती. भिंतीलगतच्या तीन ओळी काड्यांसारख्या. नव्वद झाडं. त्यानं मुळं उकरली, सूत्रकृमी नाही. खोडं तपासली, पोखरलेली नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, पाणी पोचतच नसेल.

ठिबकच्या नळ्या शिवदासच्या दुकानातल्या होत्या.

“दादा, घरच्या माणसाला गाळाचा माल दिलास?” सुदाम अंगणात उभा राहून म्हणाला.

शिवदास जेवत होते. ते ताटावरून उठले, बागेत गेले, तिन्ही ओळींतला एकेक ड्रिपर उघडून तळहातावर पाणी पाडून दाखवलं. नव्वद ड्रिपर. सुदाम बघत उभा राहिला. पाणी सगळीकडं पडत होतं.

“मग माझ्याच नशिबात काय गाळ साचलाय?” तो म्हणाला. त्याला माघार घेता आली नाही. शिवदासना ताटावर परत बसता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून भाजीच्या वाट्या यायच्या बंद झाल्या. अलका पाण्याला येताना वेळ बदलून यायची.

विजयमालानं भिंतीपासून एकेक झाडाला नख लावलं. पहिली ओळ झोपलेली. दुसरी, तिसरी. चौथीत कळी. तिनं मागं वळून पाहिलं. भिंतीच्या अलीकडं, बरोबर मध्यावर, बोराएवढी हिरवी फळं अंगावर घेऊन तिचं सफरचंद उभं होतं. त्याच्याभोवती कढीपत्ता, शेवगा, पेरू. पंगतीत मधल्यानं एकट्यानं जेवावं तसं.

तिनं केतकीला फोन लावला. “तू म्हणाली होतीस पाणी तोडू नकोस. आता का ते सांग.”



“आई, किती दिवस तोडलं होतंस?”

*

केतकी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चप्पल न काढता परसात गेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंची माती छोट्या डब्यांत भरली, कसलंसं हातात मावणारं यंत्र लावून पायरीवर बसली. तासाभरानं तिनं यंत्र बंद केलं. विजयमाला तिच्या शेजारी बसली.

“जमिनीखाली बुरशीचे धागे असतात,” केतकी म्हणाली. “केसांहून बारीक. एका झाडाच्या मुळाला दुसऱ्याशी जोडतात. आपली भिंत त्यांना माहीत नसते. झाडाला पाणी मिळत असलं की खुंटाचे निरोप आतल्या आत राहतात. पाणी तोडलं की मुळं दुखावतात, आतलं बाहेर झिरपतं. त्या निरोपांसकट.”

“म्हणजे आपल्या झाडानं सुदामच्या झाडांना सांगितलं, हिवाळा आलाय, झोपा.”

“हो.”

“मग उठा असंही सांगेल की.”

केतकीनं मान हलवली. “झोपायचा रेणू लहान आहे, चिवट आहे. कोरड्या मातीतही टिकतो. उठायचा मोठा आहे, नाजूक आहे. मुळातून बाहेर पडला की काही मिनिटांत मोडतो. एक निरोप पोचतो. दुसरा पोचत नाही.”

“मग ती झाडं उठणार कधी?”

“आई, तुला नख लावून कळतं ना, हिरवं आहे ते?”

“कळतं.”

“तसंच राहील. साठवलेलं संपेपर्यंत. दोन वर्षं, तीन वर्षं. मग उन्हानं जातील.” तिनं मातीच्या डब्याला झाकण लावलं. “आणि झोपलेल्या झाडाला ताण पडला तर तेही निरोप पुढं सोडतं. आम्हाला हे कुंडीत एकदा दिसलं होतं. वरिष्ठ म्हणाले, कुंडीत काहीही होतं. शेतात पाणी कोण तोडतंय?”

विजयमाला हसली नाही. सांगोल्यात कुणी विचारणार नाही असा प्रश्न विचारणारा माणूस पुण्यात पगार घेतो, एवढंच तिच्या मनात आलं.

“हे झाड आजच तोडू,” केतकी म्हणाली. “मुळांसकट. जाळू. आणि गप्प बसू. मी प्रयोगशाळेतून चोरून रोप आणलंय हे कळलं तर नोकरी तर गेलीच, वर खटला. जूनमध्ये खुंट विक्रीला मंजूर होतोय. तोपर्यंत मी आतून प्रयत्न करते, कागदपत्रांत हे घालायला लावते. आई, प्लीज. काकांना काही सांगू नकोस.”

सत्तावीस वर्षांची झाली होती, आणि ‘प्लीज’ म्हणताना अजून शाळेच्या पोरीसारखी आईचा पदर धरायची. विजयमालानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“हे झाड तोडू,” ती म्हणाली. “पण केतू, हे एकच नाहीये.”

आणि तिनं अकरा वाणांचं सांगितलं. फुटव्यांचं. बुडातल्या. म्हणजे निव्वळ खुंटाचे, नुसते निरोप सोडणारे.

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

*

दिलेलं वाण परत मागत नाहीत. असं कुठं लिहिलेलं नाही, कारण तसं कुणी केलेलंच नाही. विजयमाला पहिल्या दिवशी चार दारांत उभी राहिली आणि चारही ठिकाणी खोटं बोलली.

“निकमबाई, रोपाला रोग आहे. परत द्या, पुढच्या वर्षी चांगलं देते.”

“अहो, असू दे की! फवारणी करते. यांच्याकडं सगळी औषधं आहेत.”

मंगलताईंनी तर चहाच टाकला. “मालाकाकी, तुमच्या हातचं आहे, मी सोडणार नाही. त्याला मी ग्रामपंचायतीसमोर लावलंय. नावाची पाटी पण केलीय.” पाटीवर नाव मंगलताईंचंच होतं.

तिसरीला वाटलं, विजयमालानं तिचं काहीतरी मनावर घेतलंय, आणि ती रडायला लागली. चौथी म्हणाली, “माझ्या सुनेला दिवस गेलेत. भरल्या घरातून वाण न्यायला आलात?” तिथून विजयमाला उलट्या पावली फिरली.

संध्याकाळी ती घरी न जाता भिंतीला वळसा घालून सुदामच्या अंगणात गेली. अलका शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“अलका, तुझ्या तीन ओळी मी झोपवल्यात.”

मग तिनं सगळं सांगितलं. खुंट, निरोप, ताण. आणि शेवटी केतकीचं नाव. ते नाव घेताना तिला असं वाटलं की आपण पोरीला हाताला धरून चौकात आणून उभी करतोय. पण ते काढून उरलेली गोष्ट कुणी ऐकत नव्हतं, हे आज चार दारांनी तिला शिकवलं होतं.

अलकानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. 

“ह्या पायी,” ती म्हणाली, “ह्यांनी भावाला ताटावरून उठवलं.”

“व्हय.”

“आणि तुला ठावं होतं?”

“कालपासून. त्याच्या आधी नुसतं वाटत होतं.”

“वाटत होतं तवा का नाही बोललीस?”

 याचं उत्तर परसात फुललेलं होतं, आणि ते अलकालाही कळत होतं.

अलका उठली. आत जाऊन पायात चपला घालून आली. हातात पिशवीतलं रोप होतं. तिनं ते अजून जमिनीत लावलंही नव्हतं. तीन ओळींच्या काळजीत राहून गेलं होतं.

“हे धर. चल.”

“कुठं?”

“मागायला. तू मागून कोण देणार? तुझी तर बाग फुललीय. मी मागते. माझी गेलीय.”

अलकानं दोन दिवसांत अकराच्या अकरा वाणं परत आणली. दारात उभी राहून ती बायकांना आपल्या बागेत बोलवायची, त्यांचा हात धरून काडीला नख लावायला लावायची, आणि म्हणायची, “हिरवं दिसतंय न्हवं? दीड महिना पाणी घालतीय. आता तू सांग, ठेवायचंय तुला परसात?” बायका घरी जाऊन रोप आणून द्यायच्या. मंगलताईंनी पाटी ठेवून घेतली, रोप दिलं.

सफरचंद शिवदासनी तोडलं. मुळं खणायला सुदाम न बोलावता पहार घेऊन आला. दोघे भाऊ दिवसभर एका खड्ड्यात शेजारी शेजारी उभे होते आणि गरजेपुरतंच बोलले. पण जेवायला एकत्र बसले. लिंबाएवढी फळं विजयमालानं एकही चाखली नाही. सगळी आगीत घातली. ती फुटताना फटाफट आवाज झाला आणि परसात गोड वास सुटला, तो दोन दिवस जाईना.

*

गावाला कळलं म्हणजे तालुक्याला कळलं, आणि मग पुण्याला. केतकीची नोकरी एप्रिलमध्ये गेली. खटल्याच्या तारखा अजून पडायच्या होत्या. ती सामान घेऊन बोरमाळात आली आणि आपल्या घरात नाही, काकाच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत खाट टाकून राहिली. उठायचा निरोप बाहेरून देता येतो का, हे ती झोपलेल्या नव्वद झाडांवर बघत होती. बारीक सुईनं एकेका डोळ्यात थेंब सोडायचा आणि आठ दिवस वाट बघायची. अलका तिला डबा नेऊन द्यायची. विजयमालाशी ती झाडांविषयीच बोलायची. “तिसऱ्या ओळीतलं सातवं बघितलंस का?” “बघितलं. हिरवं.” एवढंच. नोकरी गेली याचा राग होता की आपण आईला कारण सांगितलं नाही याचा, हे दोघींनीही उकरलं नाही.

सुदामनं तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये पुरुषभर खोल चर मारला आणि उरलेल्या बागेचं पाणी त्या वर्षी तोडलंच नाही. बहार गेला.

प्रयोगशाळेनं एक पत्रक काढलं. बोरमाळातला प्रकार अनधिकृत रोपामुळं आणि वापरातल्या चुकीमुळं झाला, असं त्यात होतं. खुंट जूनऐवजी ऑगस्टमध्ये मंजूर झाला. प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली: पाणी नियमित द्यावे.

नोव्हेंबरात केतकीला एका फांदीच्या डोळ्यात हिरवा ठिपका दिसला. सगळे धावत गेले. एक पान आलं, नखाएवढं. ते चार दिवस टिकलं.

*

पुढच्या संक्रांतीला शिवदासच्या मावसभावाच्या सुनेकडं मंगळवेढ्याच्या बाजूला हळदीकुंकू होतं. विजयमालाला जायचं नव्हतं, अलका म्हणाली, “जा गं. तोंड लपवून किती दिवस बसणार?” मग ती दुपारच्या गाडीनं गेली.

सून नवी होती, तेजश्री नावाची, हौशी. हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि विजयमालाच्या पदरात वाण टाकलं. हातभर रोप. चकचकीत पिशवी, त्यावर लाल फळाचं चित्र, खाली चिठ्ठी.

वाण नाकारत नाहीत. विजयमालानं पदर धरून ठेवला. तिचे हात आपोआप ओझं तोलत होते, लेकराला धरल्यासारखे.

“कुठून आणलंस गं हे?”

“योजनेतून, काकी. बचत गटाला चारशे मिळाली ऑक्टोबरात. आमच्या गावात घरटी एक आहे. आजूबाजूच्या सहा गावांत पण दिलीत.” तेजश्री उत्साहात होती. “काकी, तुम्ही तर डाळिंबाकडच्या. तुम्हाला विचारायचंच होतं. पहिल्याच हिवाळ्यात फुलतं म्हणाले होते. एवढं पाणी घातलं, पण कळीच धरेना. मामंजी म्हणाले, माजलंय, ताण द्या.”

“मग?”

“मग दिला की. सगळ्यांनीच. तसंही नळाला आता पंधरा दिवसांनी पाणी येतंय, तोडायला वेगळं काय करायचं?”

बायका हसल्या. विजयमाला उठून उभी राहिली. पदरात रोप, कपाळावर ओलं कुंकू. “बायांनो,” ती म्हणाली, “माझं जरा ऐका.” आणि भरल्या हळदीकुंकवात तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. लेकीचं नावही घेतलं. ते आता पूर्वीइतकं जड नव्हतं. काही बायकांनी पदर तोंडाला लावला. काहींनी एकमेकींकडं पाहिलं. तेजश्रीची सासू म्हणाली, “जाऊबाई, सणाच्या दिवशी असलं बोलू नये.” आणि मग कुणीतरी चहा आणला.

परतीच्या गाडीत विजयमाला खिडकीशी बसली. रोप मांडीवर होतं. आपल्या बाटलीतलं पाणी ती त्याला घोट घोट पाजत होती, घरी नेऊन जाळेपर्यंत त्याची मुळं सुकू नयेत म्हणून. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या. जानेवारी. फळ उशिराच्या बाजारात यावं म्हणून यंदा सगळ्या तालुक्यानं ताण उशिरा दिलेला. मैलोन् मैल पान नाही, नुसत्या करड्या काड्या, दरवर्षीसारख्या. पाहून कुणालाही सांगता आलं नसतं, यातली कोणती बाग वाट बघतेय आणि कोणती झोपलीय. आठ-दहा दिवसांनी लोक पाणी सोडतील. मग कळेल.

फाट्यावर गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरली आणि तिनं केतकीला फोन लावला. कितीतरी महिन्यांनी तिनं झाडाशिवाय सुरुवात केली. “केतू, जेवलीस का?”

“जेवले. आई, काय झालं?”

विजयमालानं सांगितलं. पलीकडं सुई टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“किती?” केतकीनं विचारलं.

“सात गावं. घरटी एक.”

“तू आत्ता कुठं आहेस?”

“फाट्यावर. रस्त्याच्या कडेला बाग आहे कुणाची तरी.”

“आई…” केतकी म्हणाली, आणि मग तिचा आवाज लहान झाला, परसात त्या दोन वांझ झाडांपाशी उभी राहून विचारायची तसा. “नख लावून बघ ना.”

विजयमाला कुंपणापाशी गेली, तारेतून हात घातला, पहिल्याच झाडाची फांदी ओढली आणि साल खरवडली.

हिरवं होतं. सुदामच्या तीन ओळीही आज सकाळी हिरव्याच होत्या.